डबा दाखवा

आमच्या सोसायटीत एक वेळ कुणी चोरून लग्न करू शकलं असतं, पण चोरून वांग्याचं भरीत करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. तळमजल्यावर सिस्टर राहत होत्या ना! सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ त्या मजल्यामजल्यावर फिरत, बेल वाजवत आणि दार उघडायच्या आत म्हणत, "डबा दाखवा." डबा म्हणजे ओल्या कचऱ्याचा. आपण तोंडात ब्रश धरून उभे, आणि ही बाई आपल्या घरातली सालं, देठं, चोथा झालेली चहापूड चष्मा वर करून अशी निरखायची की एक्स-रे काढून झालाय, आता निदान ऐकायचं तेवढं राहिलंय असं वाटावं. मग डबा स्वतःच्या बादलीत उपडा करून, तळाला एक चापट मारून, "धुऊन ठेवा" असा हुकूम सोडून त्या वरचा जिना चढायच्या. सानपाड्याच्या त्या इमारतीत आम्ही सगळे नोकरदार, कुणी ऑफिसात चार माणसांवर साहेबगिरी करणारे. पण सकाळी त्या दारात आम्ही मान खाली घालून उभे असायचो.

सिस्टर एका मोठ्या सरकारी इस्पितळातून वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून रिटायर झालेल्या. मूळच्या लातूरकडच्या. नवरा फार लवकर गेलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. त्यांचं नाव सोसायटीच्या बोर्डावर लिहिलेलं होतं, पण ते घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्या माझ्या बायकोला "बाळा" म्हणत आणि मला "साहेब". त्या "साहेब"मध्ये मान किती आणि चेष्टा किती, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, शेजारी बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि मूर्तीसमोर पेल्यात एक फूल. ते फूल बहुतेक वेळा भोपळ्याचं असायचं. माझ्या बायकोने एकदा भीत भीत विचारलं, की सिस्टर, एखादं गुलाबाचं का नाही लावत? त्यावर त्या म्हणाल्या, "गुलाब खायला येतो का?" संपला विषय.

इमारतीच्या मागे पंपरूम आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक लांबट पट्टा होता. ज्याने ज्याने घरात नव्या फरशा बसवल्या, त्याने त्याने जुन्या तिथे नेऊन टाकलेल्या. एक फुटका कमोडही वर्षानुवर्षं आकाशाकडे तोंड करून बसला होता. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, सिस्टर कुदळ घेऊन तिथे गेल्या. आम्ही गॅलरीतून बघत होतो. करमत नसेल बिचारीला, चार दिवसांत थकेल, असं आमचं एकमत झालं होतं. पुढच्या पावसाळ्यात त्या बिचारीने आम्हाला लाल माठ, अंबाडी आणि अळू खायला घातलं, आणि कमोडात पुदिना लावला. तो पुदिना खायचा की नाही यावर घराघरांत वाद झाले. चटणी झाल्यावर वाद मिटले.

तो मळा नव्हताच, तो वॉर्ड होता. रोपं "अ‍ॅडमिट" व्हायची. कीड लागलेलं रोप बाजूला "आयसोलेशन"मध्ये जायचं आणि त्याच्यावर निंबोळी अर्काचे फवारे व्हायचे. मे महिन्यात सलाइनच्या रिकाम्या बाटल्या काठ्यांना उलट्या टांगलेल्या असत, त्यांतून थेंब थेंब पाणी वांग्यांच्या मुळाशी. आमच्या सेक्रेटरींनी एकदा त्यांतली एक बाटली सरळ केली, तर पंपरूमकडून गर्जना आली, "ड्रिप चालूय! हात लावू नका!" सेक्रेटरी गडबडून "सॉरी सिस्टर" म्हणाले, ते वांग्याकडे बघून. खताच्या खड्ड्यात एक लोखंडी गज कायम खुपसलेला असे. सिस्टर तो उपसून तळहातावर धरायच्या आणि चटका बसला की खूश. "ताप हाय. झकास!" म्हणायच्या. "साहेब, इस्पितळात ताप उतरला की पेशंट घरी. हितं ताप उतरला की माझ्या पोटात गोळा." खत कुजताना गरम होतं, आणि गरम झालं तरच चांगलं होतं, हे शहाणपण मला माझ्या विज्ञानाच्या पदवीने दिलं नव्हतं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून त्या जे काही पिंपात आंबवायच्या, त्याचा वास मात्र थेट आमच्या बेडरूममध्ये. तक्रार केली तर म्हणायच्या, वॉर्डात वास येणारच, पेशंटच्या नातेवाइकांनी सहकार्य करावं.

पण त्यांची खरी विद्या डब्याची. डब्यावरून त्या घराची नाडी सांगत. "बटाट्याची सालं जाड यायलीत, बाळा. आज साहेबांनी सोलले वाटतं?" साहेबांनीच सोलले होते. "कोथिंबिरीची देठं इतकी? पाहुणे आले होते, नि मला बोलावलं नाही?" पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंच्या डब्यात लागोपाठ चिंच आणि कैरीच्या कोयी दिसल्या, तेव्हा सासूच्या आधी सिस्टरना कळलं, आणि त्या कुणाला काही न बोलता तिच्यासाठी रोज वेगळी पालेभाजी काढून ठेवू लागल्या. सासूबाईंना बातमी कळायला आणखी वेळ लागला, आणि आपल्याआधी तळमजल्याला कळल्याचा राग त्यांना बारशापर्यंत पुरला.

या विद्येची गंमत वाटायची, तशी चीडही यायची. आपण काय खातो याच्याशी या बाईला काय देणंघेणं, असं मी बायकोकडे कितीदा तरी कुरकुरलोय. ते कुरकुरणं बंद झालं अण्णांमुळे. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा, बायको गेल्यावर एकटेच राहायचे. भेटले की हसायचे, "मजेत" म्हणायचे. आम्ही त्यांच्या वरच राहून "अण्णा मजेत आहेत" असं समजून चाललो होतो. सिस्टरनी मात्र त्यांच्या डब्यात रोज नुसती केळ्याची सालं आणि चहापूड बघितली. चौथ्या की पाचव्या दिवशी डबा हातात घेऊन त्या तशाच आत शिरल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅसला हात लावून आल्या. "शेगडी गार हाय, अण्णा," एवढंच म्हणाल्या. दुपारी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वर गेली. मग रोजच. काही दिवसांनी भाकरी बंद करून त्यांनी अण्णांना नुसती निवडलेली भाजी द्यायला सुरुवात केली आणि फोडणी कशी द्यायची ते दारात उभं राहून शिकवलं. अण्णांच्या डब्यात पहिल्यांदा कांद्याचं साल आलं, त्या दिवशी सिस्टर आमच्याकडे येऊन मुलगा पास झाल्यासारख्या सांगून गेल्या. मला त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडलो नाही. त्यांनी डबा मागितला असता.

भाजी वाटायचा कायदा एकच, ज्याचा कचरा त्याची भाजी. पैसे घेत नसत, ओळख चालत नसे. डबा रोज देणाऱ्याला जुडी, न देणाऱ्याला नुसता वास. चौथ्या मजल्यावर एक अविवाहित इंजिनिअर भाड्याने राहायचा. बाहेरून मागवून खाणारा, त्यामुळे डबा कायम रिकामा. पण त्याचा जीव सिस्टरच्या अळूवर जडला होता. एके दिवशी तो भरगच्च डबा घेऊन खाली हजर! सिस्टरनी दोन सालं उचलली, उजेडात धरली. "कँटीनची हायेत," म्हणाल्या. पोरगा कबूलच होईना. "अरे बाळा, माणसानं सोललं की साल तुटतं, वळतं. हे मशीननं खरवडलंय. हाफिसातून डब्यात भरून आणलंस ना?" त्याने खरोखरच जेवणाच्या डब्यातून ऑफिसच्या कँटीनची सालं सानपाड्यापर्यंत वाहून आणली होती. आम्हाला वाटलं आता याची धिंड निघणार. पण सिस्टरनी त्याला अळूची जुडी दिली आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून आणलंस म्हणून देतेय. उद्यापासून निदान घरी कांदा तरी चीर." तो पुढे चांगलं फदफदं करायला लागला. करावे गावातून मासळी घेऊन येणारी मावशी तर सिस्टरची खास. मासळी धुतलेलं पाणी ती यांच्या शेवग्याला ओतायची आणि बदल्यात शेंगा न्यायची. "सिस्टर, तुमचा शेंगट लय ग्वाड हाय, आमचा पानी पितोय तो!" असं गेटवरून ओरडून सांगायची. शाकाहारी मंडळी त्या शेंगा खाताना हे वाक्य ऐकलंच नाही असं दाखवायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रिडेव्हलपमेंट आली. इमारतीला भेगा होत्या, गळती होती, आणि बिल्डर मोठे फ्लॅट द्यायला तयार होता. सगळ्यांच्या सह्या झाल्या. सिस्टरची राहिली. झालं, सोसायटीत कुजबुज सुरू. म्हातारीला जास्त जागा हवी, म्हातारीला वकील मिळाला, म्हातारी मुरलेली आहे. सेक्रेटरी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले, सोबतीला मला नेलं. सिस्टरनी पेढे बाजूला ठेवले आणि बिल्डरच्या माणसाला बोलवा म्हणाल्या. तो आला. "मागच्या मातीचं काय करणार?" त्यांनी विचारलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, वो तो खुदाई में जाएगी, डेब्रिज के साथ. टेन्शन मत लो, आपको लॉन बना के देंगे ना!" सिस्टर म्हणाल्या, "लॉन खायला गाय हाय का तुमच्याकडं?" सेक्रेटरी बाहेर आल्यावर मला म्हणाले, ही बार्गेनिंगची पद्धत असते, तुम्हाला कळणार नाही. मला खरंच कळलं नव्हतं. पण त्यांनाही कळलं नव्हतं.

मग सभेत सिस्टर उठल्या. इतकी वर्षं सकाळी हुकूम सोडणारा आवाज त्या दिवशी जरा कापत होता. "सही करते. माझं घर बी गळतंय. पण माती डेब्रिजमधी जाऊ देणार नाही. ती माझ्या एकटीची न्हाई. तुमच्या बारशाच्या, वाढदिवसाच्या, तेराव्याच्या सैपाकाची सालं हायेत तिच्यात. अण्णांच्या मंडळींच्या हातची हायेत. अशी माती विकत मिळत न्हाई. प्रत्येकानं एक गोणी न्यायची, जिवंत ठेवायची, नि नवी बिल्डिंग झाली की गच्चीवर परत आणायची. कबूल हाय का?" आम्ही असे भराभर हात वर केले की विचारू नका. त्या घटकेला कुणी डोंगर न्यायला सांगितला असता तरी नेला असता. सिस्टर मात्र एकेकाच्या हाताकडे बघत होत्या, कुणी मनापासून वर केलाय आणि कुणी फ्लॅटसाठी, हे ओळखत असल्यासारख्या. मग त्यांनी सही केली.

जायच्या आठवड्यात प्रत्येक टेम्पोत फ्रिज, कपाट, गाद्या आणि एक ओली गोणी. आमचे हमाल म्हणाले, "साहब, ये मिट्टी भी ले जाना है? वहाँ मिट्टी नहीं है क्या?" अण्णा मुलाकडे पुण्याला निघाले, त्यांनी गोणी टॅक्सीच्या डिकीत ठेवू दिली नाही, पायाशी घेऊन बसले. सिस्टर गेटवर उभ्या राहून प्रत्येकाला "डिस्चार्ज"च्या सूचना देत होत्या. किती पाणी, किती ऊन, कचरा किती आणि कसा घालायचा. मी विचारलं, "आणि तुमची गोणी?" त्यांना जुईनगरला भाड्याची जागा मिळाली होती, गॅलरी नसलेली, आणि घरमालकाने मातीबिती आणायची नाही म्हणून बजावलं होतं. त्या म्हणाल्या, "सिस्टर पेशंट घरी नेत नसती, साहेब." म्हणाल्या हसतच, पण पदराने चष्मा पुसत राहिल्या.

आम्ही उलव्याला आलो. गॅलरीत निळ्या ड्रममध्ये माती. पहिलं वर्षभर सिस्टर बस बदलत बदलत राउंडला यायच्या. दारात "डबा दाखवा", मग गॅलरीत जाऊन मातीत बोट खुपसायचं, वास घ्यायचा. "पाणी लई झालंय. पाय सुजलेत हिचे." डोक्यावरून विमान गेलं की हात जोडून वर बघायच्या आणि म्हणायच्या, ह्याच्यातबी लोक डबाबंद खाणार नि सगळं फेकून देणार. अशाच त्या सगळ्यांकडे जायच्या. एकदा आल्या त्या डबा न मागताच खुर्चीत बसल्या. बायकोने दिलेला चहा निवत गेला. म्हणाल्या, "सेक्रेटरींचा पेशंट गेला." त्यांच्या नव्या घरात ड्रमवर प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं होतं आणि खाली माती दगड झाली होती. मला त्या सेक्रेटरीचा असा संताप आला! फोन करून चार शब्द सुनावणारही होतो. सिस्टरनी थांबवलं. "आपल्याकडचा जपा," म्हणाल्या.

मग त्यांचा गुडघा गेला आणि राउंड बंद झाले. मुलगी नागपूरला चला म्हणून रोज मागे लागायची. यांचं उत्तर ठरलेलं, बिल्डिंग होऊ दे, माती जागेवर पोचू दे, मग बघू. बिल्डिंगचे कसेबसे चार मजले उभे राहून काम रेंगाळलं होतं. आम्ही मातीचे फोटो पाठवायचो, त्या फोनवर औषधं सांगायच्या. यंदा पावसाळ्यात आमच्या ड्रममध्ये, काही पेरलेलं नसताना, एक वेल वर आला. भोपळा! कुणाच्या तरी जुन्या डब्यातलं बी, इतकी वर्षं मातीत झोपून राहिलेलं. सिस्टरना सांगितलं तर फोनवरच आनंदाने ओरडल्या. पण आमच्या मजल्यावर मधमाशी फिरकेना, फुलं नुसती गळायची. मग सिस्टरच्या हुकमानुसार मी सकाळी सकाळी, पायजम्यात, नर फूल तोडून मादी फुलावर टेकवू लागलो. समोरच्या गॅलरीतल्या बाई हे बघून पडदा ओढून घ्यायच्या. अखेर एक भोपळा धरला, चांगला डोक्याएवढा झाला, आणि पिकल्यावर तो आणि एक फूल घेऊन मी जुईनगर गाठलं.

सिस्टर बारीक झाल्या होत्या. भोपळा मांडीवर घेऊन त्यांनी तो बोटाने वाजवून बघितला, फूल मूर्तीसमोरच्या पेल्यात ठेवलं. मग एकदम कडक होऊन म्हणाल्या, "मी घेणार न्हाई. ज्याचा कचरा त्याची भाजी. माझा कुठाय ह्याच्यात?" मी म्हणालो, "मग द्या तुमचा डबा. उलव्याला नेतो, आमच्या ड्रममध्ये घालतो, म्हणजे कायदा पाळला." त्या घाईने म्हणाल्या, "राहू द्या, हितली घंटागाडी नेती की." गंमत वाटली. सगळ्यांचे डबे उघडणारी बाई स्वतःचा डबा दाखवायला लाजते! मी हसत हसत ओट्याखालून डबा काढला आणि झाकण उघडलं. सिस्टर खिडकीकडे बघायला लागल्या.

डब्यात चहापूड होती आणि केळ्याची सालं. बाकी काही नाही. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उगाच राहिलो नव्हतो, मलाही तेवढं वाचता येत होतं. शेगडीला हात लावायची गरजच नव्हती. भोपळा मी ओट्यावर ठेवला. "बरंय, निघतो" म्हणून डबा पिशवीत घातला आणि घरी आलो. बायकोने झाकण उघडून बघितलं. पीठ किती आहे ते बघितलं आणि बाजारातून वांगी आणायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गरम भाकऱ्या, भरीत आणि धुतलेला डबा घेऊन मी पुन्हा जुईनगरला. बेल वाजवली. आतून काठीचा आवाज हळूहळू जवळ येत होता. दार उघडायच्या आत मी जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हणालो, "डबा दाखवा." काठी थांबली. मग पुन्हा आत गेली, आणि बऱ्याच वेळाने परत आली. सिस्टरनी दार उघडलं. इतकी वर्षं आम्ही जसे उभे राहायचो, तशाच मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी कालपासूनचा कचरा ठेवलेलं भांडं पुढे केलं.